गाडीतलं टूलकिट: सोलापूरचा उन्हाळा काढल्यावर काय टिकलं, काय गेलं

दिवाळीत ऑनलाइन ते पेटीवालं टूलकिट मागवलं होतं, कारण तंबू घेऊन उजनीच्या बॅकवॉटरला नाहीतर नळदुर्गकडं जाणं असतंच आणि हायवे सोडून आत वळलं की गॅरेज सोडा, माणूस दिसत नाही. आता उन्हाळा पाऊस दोन्ही झालं म्हणून लिहितोय.

पेटी म्हणजे नुसता भरणा आहे. बारीक बारीक सॉकेट जे आपल्या गाडीला कुठंच बसत नाहीत, आणि खडखड एवढी की बायको म्हणाली ही पेटी तरी राहील नाहीतर मी तरी. मग कामाचं तेवढं कॅनव्हासच्या पिशवीत टाकलं: 10, 12, 14, 17 चे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, केबल टाय, बाइंडिंग तार आणि फ्यूज (लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा).

सगळ्यात जास्त वापर पंक्चर किटचा, आपल्याकडं वेडी बाभूळ लई. काटा टायरमध्येच मोडतो, वरनं काहीच दिसत नाही, साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे येतात तिथं पकडीनं ओढायचा, मग रिमर (भोक साफ करायचा खरबरीत सुया) आत घालून चांगला फिरवायचा, स्ट्रिप (भोक बुजवायची रबरी पट्टी) सुईत ओवून सोल्यूशन लावून दाबायची आणि सुई झटक्यात बाहेर. जोर लई लागतो. किटमधल्या रिमरची प्लॅस्टिकची मूठ तिथंच हातात आली, त्यामुळं लोखंडी टी-हँडलवालाच घ्या, बाजारात सुटा मिळतो. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, काटा गेला असेल तर स्ट्रिपच्या नादी लागू नका, सरळ स्टेपनी लावा. 12 व्होल्टचा छोटा कंप्रेसर मस्त चालतो, फक्त इंजिन चालू ठेवून लावायचा आणि तापला की थांबायचं.

खरी वाट लावली ती उन्हानं. बाहेर 43 डिग्री असताना बंद गाडीत काय होत असेल बघा, सोल्यूशनची ट्यूब आतल्या आत वाळून खडखडीत, इन्सुलेशन टेपचा गोंद वितळून पिशवीभर. म्हणून लिथियमवाला जंप स्टार्टर (उतरलेल्या बॅटरीची गाडी चालू करायची पॉवर बँक) मी गाडीत ठेवतच नाही, त्यापेक्षा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जाड तांब्याची जंपर केबल बरी, शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचा म्हणजे बॅटरीजवळ ठिणगी नको. स्वस्तातला मल्टिमीटर पण ठेवा, गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना 14 च्या आसपास दाखवलं की बॅटरी, चार्जिंग दोन्ही बरं आहे समजायचं.

पावसात वेगळीच गंमत, काळ्या मातीत जॅक वर जायच्या ऐवजी खालीच जातो, त्यामुळं हातभर जाड फळी डिकीत असतेच. नट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे, आणि गॅरेजवाले मशीननं इतके आवळतात की पान्याला लोखंडी पाइप लावल्याशिवाय हलत नाहीत. आणि हेडलॅम्प घ्याच, मोबाइल तोंडात धरून नट खोलता येत नाहीत.