मुधोळ कुत्र्यासाठी गळपट्टा की हार्नेस : पावसाळ्यासह काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरी मुधोळ जातीची मादी आहे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळवरून नाव पडलेली आणि महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखली जाणारी ही शिकारी जात बेळगाव भागात कोणाला अपरिचित नाही. मात्र तिला बांधण्याच्या साधनांविषयी दुकानात जो सल्ला मिळतो, तो बहुधा लॅब्राडोर किंवा पॉमेरेनियन डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. म्हणून साधा गळपट्टा, मार्टिंगेल (ओढ बसली की मर्यादेत घट्ट होणारा गळपट्टा) आणि दोन प्रकारचे हार्नेस (मानेऐवजी छाती-पाठीभोवती बसणारे पट्टे) आलटून-पालटून वापरल्यानंतरचा हा अनुभव लिहीत आहे.

मुधोळच्या बाबतीत सगळा प्रश्न मापाचा आहे. आमच्या कुत्रीची मान ३४ सेंटिमीटर आणि कानांजवळ डोक्याचा घेर ३६ सेंटिमीटर भरतो, म्हणजे दोहोंत जेमतेम दोन सेंटिमीटरचा फरक. पट्ट्याखाली दोन बोटे शिरतील इतकी सैल जागा ठेवावी, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम पाळला, तर ती डोके खाली घालून मागे सरकताच पट्टा अलगद निघून हातात येतो. तो निघू नये म्हणून आवळला, तर गळा दाबला जातो. सरळ चालताना हे लक्षातच येत नाही. बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ इंजिनाचा भोंगा वाजला आणि ती दचकून मागे हटली, की मग साध्या पट्ट्याचा भरवसा राहत नाही.

यावर मार्टिंगेल हा चांगला उपाय आहे. यात मोठ्या वेढ्याला एक लहान वेढा जोडलेला असतो. ओढ बसली की पट्टा ठरावीक मर्यादेपर्यंत घट्ट होतो आणि ओढ थांबली की पुन्हा सैल होतो. आम्ही पाच सेंटिमीटर रुंदीचा घेतला, कारण रुंद पट्ट्यामुळे ताण मानेच्या मोठ्या भागावर वाटला जातो. मात्र कुत्रे एकटे असताना मार्टिंगेल गळ्यात ठेवू नये. कशात अडकला, तर तो घट्टच होत जातो.

तरीही रोजच्या फेरीसाठी मी हार्नेसच निवडला. ही जात नजरेने शिकार करणारी आहे. टिळकवाडीतल्याच व्हॅक्सिन डेपोच्या आवारातील झाडीत मुंगूस दिसले की ती उभ्या जागेवरून झेप घेते, आणि साखळी संपते त्या क्षणी तो सगळा झटका मानेवर येतो. मानेत श्वासनलिका आणि थायरॉईड ग्रंथी असतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गळपट्ट्यावर ताण आल्यास कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढत असल्याचे आढळले होते, हार्नेसवरील ताणाने मात्र तशी लक्षणीय वाढ झाली नव्हती. पग किंवा पॉमेरेनियन पाळणाऱ्यांनी तर याचा अधिक गांभीर्याने विचार करावा. त्यांतील पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत श्वासनलिका दबण्याचा विकार बराच आढळतो.

हार्नेस म्हणजे ओढण्याच्या सवयीवरचा इलाज, असे जे सांगितले जाते, ते मात्र मला पटलेले नाही. दोरी अडकवायची कडी पाठीवर असली, तर जू खांद्यावर आलेल्या बैलाप्रमाणे कुत्रे छातीचा पूर्ण जोर लावून ओढू लागते. मानेला त्रास होत नाही म्हणून उलट अधिक निर्धास्तपणे ओढते. छातीवरच्या कडीला दोरी लावली की ओढताना तिचे अंग आपल्याकडे वळते आणि जोर निम्म्यावर येतो, हा फरक पहिल्याच फेरीत जाणवतो. पण दोरी पुढच्या पायांत अडकते आणि दर थोड्या वेळाने थांबून सोडवावी लागते. सैल दोरीवर चालायला शेवटी खाऊ देऊन, धीराने शिकवावेच लागते.

छातीवरून आडवा पट्टा जाणारा हार्नेस घालायला सोपा असला, तरी तो खांद्याच्या सांध्यावरच बसतो आणि तिचे पाऊल आखूड पडते. त्यापेक्षा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा, छातीच्या मधल्या हाडावर बसणारा आणि खांदे मोकळे ठेवणारा प्रकार घ्यावा. मुधोळची छाती खोल आणि कंबर अतिशय बारीक असते, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधूनही ती मागे सरकून बाहेर पडू शकते. पोटाकडे तिसरा पट्टा असलेला हार्नेस थोडा महाग पडला, पण त्यातून तिला एकदाही निसटता आले नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागली. जून ते सप्टेंबर या काळात येथे कापड वाळणे म्हणजे काय, हे बेळगावकरांना सांगायला नको. जाळीदार अस्तराचा हार्नेस रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी दमटच निघे, आणि तोच पुन्हा घातल्यावर पुढच्या पायांच्या बगलेत कातडी लाल होऊ लागे. आखूड केसांच्या, पातळ कातडीच्या या जातीला हे लवकर होते. शेवटी अस्तर नसलेला दुसरा हार्नेस केवळ पावसासाठी घेतला. फेरीहून आल्यावर हार्नेस काढणे, बगला कोरड्या फडक्याने पुसणे आणि पट्ट्यांखाली गोचीड आहे का ते बोटांनी चाचपणे, एवढे रोज केल्यावर तक्रार उरली नाही. लाल माती प्लॅस्टिकच्या बकलांत जाऊन बसते. ती धुतली नाही, तर बकल लागल्यासारखे वाटते, पण पुरते लागलेले नसते.

गणेशोत्सवात विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि फटाक्यांचा नेम नसतो. त्या दिवसांत दोन्ही टोकांना हूक असलेली दोरी घेऊन एक हूक हार्नेसला आणि दुसरा मार्टिंगेलला लावतो, म्हणजे एक साधन निसटले तरी दुसरे हातात राहते. एरवी मार्टिंगेल खुंटीवरच असतो. फोन नंबर कोरलेला बिल्ला घरातल्या हलक्या पट्ट्यावर आहे, आणि तसाच दुसरा हार्नेसलाही लावून ठेवला आहे.