विशेष शिक्षकांशी रोज बोलावं, आठवड्याला की तीन महिन्यांनी?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: आम्ही शाळेशी किती वेळा बोलायचं? काही घरांतून दिवसाला चार-पाच मेसेज येतात. काही पालक थेट सहामाहीच्या पालकसभेलाच भेटतात, कारण 'टीचरना कशाला त्रास द्यायचा' असं त्यांना मनापासून वाटतं. मी पुण्यातल्या एका शाळेच्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे अशा मुलांना वेगळी मदत देणाऱ्या वर्गात, विशेष शिक्षिका आहे. काळजी दोन्ही घरांत सारखीच असते, हे मी रोज बघते. तरीही कमी-जास्त संपर्काचा परिणाम मुलावर होतो, म्हणून या पर्यायांकडे नीट बघायला हवं.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. आज शाळेत काय झालं ते तुमचं मूल घरी येऊन सांगू शकतं का? मोडकंतोडकं चालेल, खुणेनं चालेल, चित्राचं कार्ड दाखवून चालेल. सांगू शकत असेल तर रोजच्या संपर्काची गरज खूपच कमी होते. सांगू शकत नसेल तर त्याच्या वतीने मोठ्यांनी रोज निरोप पोचवायलाच हवा, आणि तोही दोन्ही बाजूंनी. निम्मे पालक इथेच चुकतात. शाळेत काय झालं ते विचारतात, पण घरी काय झालं ते सांगत नाहीत.

रोजची वही

न बोलणारं मूल, फिट्सचं औषध चालू असलेलं मूल, टॉयलेटचं प्रशिक्षण चालू असलेलं मूल, यांच्यासाठी रोजच्या वहीला पर्याय नाही. पानाचे दोन भाग करायचे. वरचा भाग सकाळी घरानं भरायचा: झोप, पोट साफ झालं का, नाश्ता, औषध दिलं का. खालचा भाग दुपारी शाळेनं भरायचा: डबा किती संपला, टॉयलेट, थेरपीत काय केलं, काही वेगळं घडलं का. बहुतेक ठिकाणी बरोबरची खूण पुरते.

एका वहीत एका आईनं लिहिलं होतं, "रात्री दोनला उठला, पाचला परत झोपला. आज शर्ट नवीन आहे." त्या दिवशी मूल सकाळपासून कॉलर ओढत होतं, गोलात बसायला तयार नव्हतं. ती दोन वाक्यं वाचलेली असल्यामुळे आम्ही आधी कॉलरमागचं लेबल कापलं आणि पहिली तासिका त्याला सतरंजीवर पडून राहू दिलं. साडेदहाला ते स्वतःहून उठून मण्यांच्या डब्याकडे गेलं. वही कोरी असती तर घरी निरोप गेला असता की आज फार त्रास दिला.

वहीला वेळ लागतो, हेही लक्षात घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात आदेश दिल्यावर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि उच्च प्राथमिक स्तरावर 15 मुलांमागे एक, असं प्रमाण ठरवलं. ते प्रमाण तंतोतंत पाळलं जात असेल तरी दहा वह्यांना प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे पन्नास मिनिटं झाली, आणि तो वेळ शिकवण्यातूनच जातो. म्हणून जे मूल स्वतः सांगू शकतं त्याच्यासाठी रोजच्या वहीचा आग्रह धरू नका.

वहीऐवजी व्हॉट्सॲप चालेल का, हा पुढचा प्रश्न असतोच. दोघं हिंजवडीला नोकरी करणारे आईबाबा रात्री आठनंतर घरी येतात, त्यांना फोनच सोयीचा वाटतो आणि ते मला समजतं. तरी रोजच्या नोंदीसाठी मी वहीच्याच बाजूने आहे. वही दुपारी मुलाला सांभाळणारी आजी वाचते, थेरपिस्ट वाचते, आणि ऑगस्टमध्ये झोप कशी होती हे डिसेंबरमध्ये चार पानं उलटून सापडतं. मेसेज मात्र वर सरकून जातो. रात्री दहाला 'आज काही झालं का?' असं विचारलं की उत्तर येईपर्यंत आईचीही झोप जाते आणि शिक्षिकेचीही. व्हॉट्सॲप त्या दिवसाच्या कामापुरतं ठेवा: आज आजोबा न्यायला येतील, गोळी बदलली आहे, उशीर होईल. मुलाच्या अडचणी वर्गाच्या सामाईक ग्रुपवर तर कधीच टाकू नका.

आठवड्याचा फोन

नेहमीच्या वर्गात शिकणारी, अध्ययन अक्षमता, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता) किंवा सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली, पण बोलणारी मुलं असतील तर माझं मत आठवड्याच्या बाजूने आहे. शुक्रवारी किंवा शनिवारी ठरलेल्या वेळी दहा मिनिटं. वेळ ठरलेली असली की मधल्या दिवसांतली हुरहुर कमी होते आणि शिक्षकही तयारीनं फोन घेतात.

फोनवर 'कसा आहे?' विचारलं की 'छान आहे' एवढंच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा विचारा, जोडाक्षरं वाचताना या आठवड्यात कुठं अडला? गणिताला तुम्ही काय वेगळं करून बघितलं? घरी मी नेमकं काय घ्यायचं आणि किती मिनिटं? शेवटचा प्रश्न सोडू नका. शाळा एका पद्धतीनं हातच्याची बेरीज शिकवते आणि घरी बाबा दुसऱ्याच पद्धतीनं, यात मुलाचे महिने वाया जातात.

शॅडो टीचर, म्हणजे वर्गात एकाच मुलासोबत बसून त्याला मदत करणारी शिक्षिका, असलेल्या घरांना एक वेगळी सूचना. तिचा पगार बहुतेक वेळा पालकच देतात, ती रोज भेटते, सगळं सांगते, त्यामुळे वर्गशिक्षकांशी बोलणं हळूहळू बंद पडतं. मग मूल वर्गात असूनही वर्गाचं राहत नाही. आठवड्याचा फोन वर्गशिक्षकांना करा, शॅडो टीचर त्यात असली तर उत्तमच.

महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित थोडं वेगळं आहे. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक अनेक शाळा मिळून असतात, त्यामुळे दर आठवड्याला ते भेटतीलच असं नाही. त्यांच्या भेटीचा वार मुख्याध्यापकांकडून विचारून ठेवा, त्या दिवशी शाळेत जा, आणि मधल्या काळात वर्गशिक्षकांशी बोला.

महिन्यातून एकदा बोलणं हा पर्याय एकट्यानं मला अपुरा वाटतो. अडचण लवकर कळायला महिना फार लांब आणि प्रगती मोजायला फार जवळ. त्याचा एकच चांगला उपयोग आहे: बाहेरच्या ओटीचं (ऑक्युपेशनल थेरपीचं) किंवा स्पीच थेरपीचं एक पान महिन्याला शाळेत द्या, आणि शाळेचं तिकडे.

तिमाही बैठक

ही बैठक सगळ्यांसाठी आहे, तुम्ही रोज लिहीत असा किंवा आठवड्याला बोलत असा. आयईपीमधली, म्हणजे त्या एका मुलासाठी आखलेल्या शिक्षण योजनेतली, ध्येयं पुढे सरकली का, हे इथेच ठरतं. आपल्याकडच्या विशेष शाळांत वापरली जाणारी एफएसीपीसारखी, मुलाची रोजच्या व्यवहारातली कौशल्यं तपासणारी सूचीही दर तिमाहीला नोंद घेते. जुलै, दिवाळीच्या सुट्टीआधी, जानेवारी आणि एप्रिल, असे चार टप्पे आपल्या शाळेच्या वर्षात नीट बसतात. वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, जमल्यास थेरपिस्ट, आई आणि बाबा दोघंही, आणि दुपार आजी सांभाळत असेल तर आजीही. काय ठरलं ते तिथेच कागदावर लिहून सगळ्यांनी सही करावी. आठवी-नववीत असाल तर दहावीच्या सवलतींचा विषय याच बैठकीत काढा. प्रमाणपत्रांना वेळ लागतो, दहावीच्या जानेवारीत धावपळ करून उपयोग नसतो.

इंटरनेटवर वाचून काही पालक विचारतात, आयईपीची बैठक वर्षातून एकदाच असते ना? तो अमेरिकेचा कायदा आहे. तिथे आयईपीचा आढावा वर्षातून किमान एकदा आणि पुनर्मूल्यांकन साधारणपणे किमान तीन वर्षांतून एकदा घ्यावं लागतं. आपल्या दिव्यांग हक्क कायद्याच्या, म्हणजे 2016 च्या कायद्याच्या, कलम 16 नुसार सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शाळांनी प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या सहभागावर आणि प्रगतीवर लक्ष ठेवावं, यासाठी सरकारनं प्रयत्न करायचे असतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 24 नुसार शिक्षकांनी पालकांच्या नियमित बैठका घेऊन हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगायची असते. नियमित म्हणजे किती दिवसांनी, ते तुम्ही आणि शाळेनं मिळून ठरवायचं. म्हणजे भेट मागताना संकोच करण्याचं कारण नाही. शिक्षकांच्या कर्तव्यातलीच ती गोष्ट आहे.

ठरलेलं प्रमाण काही वेळा थोड्या दिवसांसाठी वाढवावं लागतं. औषध बदललं, बस बदलली, घर बदललं, घरात बाळ आलं किंवा कोणी गेलं, मुलीची पाळी सुरू झाली, तर दोन-तीन आठवडे रोज बोला. पण कधीपर्यंत, तेही आधीच सांगा. आणि फिट, मार लागणं, मूल वर्गातून निघून जाणं, कोणी मारलं, चिडवलं किंवा नको तसा स्पर्श केला, यातलं काहीही वहीची किंवा शनिवारची वाट बघणारं नाही. त्याच दिवशी फोन, आणि दुसऱ्या दिवशी लेखी.

अजून निर्णय होत नसेल तर जूनमध्ये रोजच्या वहीनं सुरुवात करा. गणपतीच्या सुट्टीआधी सगळी पानं चाळा. एकसारख्याच खुणा दिसत असतील तर आठवड्याच्या फोनवर या. एखाद्या रकान्यात रोज वेगळं काहीतरी लिहिलेलं दिसलं, तर तेवढा एक रकाना पुढे चालू ठेवा आणि बाकीचे बंद करा.