मोबाईल स्टार्टर आठ महिने वापरल्यावरचा अनुभव (विहिरीवरची ५ एचपीची मोटर)

मोबाईल स्टार्टर, म्हणजे लांबून फोन लावून मोटर चालू करायचं यंत्र, दिवाळीच्या आधी बसवला होता, आता जून लागला, म्हणजे रब्बीचा हरभरा आणि उन्हाळी भुईमूग दोन्ही याच्यावरच निघाले. शेत जिंतूर तालुक्यात, मी लेकरांच्या शाळेसाठी परभणीला राहतो, गाडीवर तासाभराचा रस्ता. वायरमनच्या मजुरीसकट साडेसहा हजार गेले.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. आपल्याकडं शेतीला थ्री फेज एक तर दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास, रोटेशननं. रात्रीचा आठवडा आला की बाबा बॅटरी घेऊन बांधाबांधानं जायचे आणि घरी आईच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही, दोनदा पायाजवळून साप गेलाय. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेचं २.० आलं २०२३ ला, ज्या फीडरवर (गावाकडं येणाऱ्या विजेच्या लाईनवर) झालंय तिथं दिवसा लाईट मिळते, आमच्या फीडरवर अजून रात्रपाळी आहेच. तर बाबांचं रात्रीचं जाणं बंद झालं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे यंत्र परत दहा वेळा घेईन.

चालतं असं की आत सिम असतं, लाईट आली की मेसेज येतो, फोन लावला की मोटर चालू. एक फेज गेला, व्होल्टेज पडलं की आपोआप बंद करतं, मोटर जळायची भीती कमी झाली. आमचं मॉडेल २जी वालं आहे, त्याच्यात नुसतं ४जीचं सिम चालत नाही, घेताना विचारून घ्या. आणि सिमचा रिचार्ज विसरू नका, माझा संपला होता तर तीन दिवस मोटर ऐकेचना.

आता जे कोणी सांगत नाही ते.

जानेवारीत हरभऱ्याला तुषार लावले होते, शेवटचं पाणी. रात्री साडेअकराला लाईट आल्याचा मेसेज, मी परभणीतून मोटर चालू केली आणि झोपलो. सकाळी बघतो तर तीन इंची पाईपाची क्लिप निघालेली, चार तास सगळं पाणी एकाच ठिकाणी. काळी जमीन, आठ गुंठे हरभरा उभळला, पार पिवळा पडला. आणि फोनमध्ये रात्रभर काय, तर ‘मोटर चालू’. वायरमनला विचारलं ड्राय रन प्रोटेक्शन आहे ना मग बंद का नाही झाली, तर तो म्हणला ते मोटर किती करंट ओढते तेवढंच बघतं, विहिरीतलं पाणी संपलं तर करंट पडतो आणि बंद होते, इथं तर मोटर पाणी उपसतच होती, ते पिकात जातंय का खड्ड्यात हे तिला कसं कळणार. बिलातही कळलं नसतं, साडेसात एचपीपर्यंतचं बिल २०२४ पासून माफ आहे. विहिरीत मात्र कळलं, दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढं, पाणी खाली गेलं.

आमच्याकडं मामा होते, सालगडी, पण मी लहानपणापासून मामाच म्हणतो. ते मोटर चालू केली की खोलीत जायचे नाहीत, आधी पाईपावर पंजा ठेवून उभे राहायचे मिनिटभर. पाईप भरून चाललाय का मधे हवा धरायली हे त्यांना हाताला कळायचं, मग पाईपाच्या कडेकडेनं शेवटच्या नोझलपर्यंत चक्कर. ती क्लिप त्यांना दहा मिनिटांत सापडली असती. पण मीच म्हणलो होतो, मामा, थंडीत रात्री कशाला उठता, मी लावतो फोनवर.

पाडव्याला साल ठरवायला बसलो तर तेच म्हणले, “बापू, औंदा साल नको धरू. मोटर तुझ्या फोनवर चालू व्हायली, मी काय नुसतं बसून पैसे घेऊ का?” मला काही बोलताच आलं नाही. वसमतकडं हळद शिजवायच्या कामावर गेले. मशीननं साडेसहा हजारात एका माणसाचं काम घेतलं असं म्हणता येत नाही, कारण मोटर चालू करणं हे त्यांच्या कामातलं सगळ्यात बारकं काम होतं, पण जायला कारण मात्र तेच झालं.

अजून एक. पूर्वी रात्री डीपीपाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) आगटी पेटवून चार-पाच जण बसायचे, फ्यूज गेला की तिथंच वर्गणी व्हायची, कुणाची सोयाबीन काय भावानं गेली ते तिथंच कळायचं. “लाईट आली का?” म्हणून शेजारच्या तात्यांचा दिवसातून दोनदा फोन यायचा. आता त्यांनीबी हेच बसवलंय, मार्चपासून एक फोन नाही. मी केला तर म्हणले, मेसेज आला की रे मला, तू कशासाठी केला?

घ्यायचा असेल तर घ्या, रात्रीपुरता तर घ्याच. पण शेतावर माणूस असेल तर त्याला काढून टाकू नका, आणि तो आपणहून निघाला तर जाऊ देऊ नका.

मामांना मागच्या आठवड्यात जाऊन आणलंय, पेरणीच्या आधी. स्टार्टरमध्ये एकापेक्षा जास्त नंबर टाकता येतात, दुसरा नंबर त्यांचा टाकला. त्यांना मेसेज वाचता येत नाही, म्हणून फोन वाजला की लगेच मला लावतात, “बापू, बघ बरं, लाईट आली का गेली?” मग पाऊस कुठवर आलाय, बैलाचा खूर कसा आहे, सगळं सांगूनच ठेवतात.