लातूरचं बोअरचं पाणी आणि हूड डिशवॉशर: दहा महिन्यांनंतर

साठ खुर्च्यांचं थाळी हॉटेल, दिवसाला १५० च्या आसपास रॅक (भांडी रचून मशीनमध्ये घालायची जाळीदार चौकट), बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर. एवढ्या कामावर हे झाकण उचलायचं मशीन दहा महिने चाललंय. धुतं चांगलं. पण आपल्या भागात घ्यायचं असेल तर आधी सॉफ्टनरचे, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचे, पैसे बाजूला काढा, उरलेल्यात मशीन बसतंय का ते बघा.

बोअरच्या पाण्याचा जडपणा इथे ५०० पीपीएम निघाला. सॉफ्टनर नव्हता तेव्हा तीन आठवड्यांत पेल्यांवर पांढरी झाक आली आणि रिन्सच्या (शेवटच्या गरम खळखळीच्या) हीटरवर अंड्याच्या टरफलाएवढा थर चढला. थरामुळे हीटरची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. मशीन रिन्सचं पाणी ८२ अंशांवर यायची वाट बघत थांबतं आणि मिनिटाची फेरी तीन मिनिटांवर जाते. फेरी लांबली की आधी विजेचा एखादा फेज गेलाय का बघा, मग हीटर उघडा.

आता १० लिटर रेझिनचा (जडपणा धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा) सॉफ्टनर आहे. एवढ्या जड पाण्यावर तो साधारण हजार लिटरला थकतो. मशीन रॅकमागे ३ लिटर घेतं, त्यात ४० लिटरची टाकी दिवसातून तीनदा भरायची, म्हणजे पावणेसहाशे लिटर झाले. म्हणून रोज रात्री दीड किलो मिठाचं पाणी सोडून रेझिन ताजं करायचं. एक रात्र चुकली की दुसऱ्या दिवशी ऐन संध्याकाळच्या गर्दीत पेले पांढरे. जाडं मीठ चालतं, पण त्यातली माती रेझिनमध्ये बसते. विरघळवून फडक्यातून गाळून घ्या.

पाणी मात्र खरंच वाचतं. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा मुद्दा लहान नाही. १२ इंची ताटं एक खाच सोडून लावावी लागतात, रॅकमध्ये ९ बसतात. नऊ ताटं नळाखाली ३ लिटरमध्ये खळखळून दाखवा!

खरकटं काढण्यात कुचराई केली की मशीन लगेच सांगतं. कढीपत्त्याचे देठ आणि लिंबाच्या बिया जाळीतून निसटून फवारणीच्या हातात (पाणी फवारणाऱ्या फिरत्या नळीत) अडकतात. रॅकच्या एकाच कोपऱ्यातल्या वाट्यांना तर्री राहिली, तर तो हात मशीनमधून काढून ओट्यावर आपटा. बी टपकन पडते. भाकरीची परात आणि दुधाचं पातेलं आधी गार पाण्यातून काढायचं, गरम पाण्याने दूध चिकटून बसतं. आणि आधीच्या घासणीला भांड्याचा साबण वापरू नका. तो टाकीत फेस करतो, पंप हवा ओढतो आणि दाब पडतो. आमच्या मावशींना हे पटायला महिना लागला.

ताटावर डाग राहिला तर लिंबू चोळा. गेला तर क्षार, सॉफ्टनर बघा. नाही गेला तर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. काळा-निळा झाला तर पिठाचा थर आहे, पावडरचा डोस किंवा टाकीचं पाणी बदला.

ॲल्युमिनियमची पातेली, कढया यात घालूच नका. पावडर अल्कली असते, भांडी काळी पडतात. ती तीन सिंकमध्ये हाताने: साबणाचं कोमट पाणी, साधं पाणी, मग १० लिटरला ४ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) २५ मिली, म्हणजे १०० पीपीएम, एक-दोन मिनिटं. मे महिन्यात कॅनमधलं हायपोक्लोराइट उकाड्याने उतरतं, त्यामुळे क्लोरीन तपासायची पट्टी बुडवून बघितल्याशिवाय भरवसा नाही. नंतर पालथी घालून वाळू द्या. ८२ अंशांच्या पाण्याने खळखळलेलं ताट खांद्यावरच्या फडक्याने पुसणं हा प्रकार मात्र अजून पूर्ण बंद झालेला नाही.

महिन्यातून एकदा ४० लिटरच्या टाकीत २ किलो सायट्रिक ॲसिड, पावडरचा पंप बंद, १५ मिनिटं फिरवून दोनदा साध्या पाण्याने काढायचं. त्या दिवशी हायपोक्लोराइटचा कॅन तिथून उचलून ठेवा, ॲसिडशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो.

सर्व्हिसवाला पुण्याहून येतो, यायला चार दिवस. एक हीटर, झाकणाचा सेन्सर आणि रिन्सचे दोन-चार जेट कपाटात ठेवा; घेतानाच मागा, नंतर मागितले की भाव वेगळा.