‘गोइंग्ज-ऑन’ की ‘हॅपनिंग्ज’?

नोकरीत नवा असताना एका अहवालात ‘हिशेब विभागातल्या घडामोडी’ असं इंग्रजीत लिहायचं होतं. मी झोकात ‘गोइंग्ज-ऑन’ लिहून मोकळा झालो. साहेबांनी बोलावून विचारलं, “तिथं काय भानगड झालीय?” भानगड काहीच नव्हती, शब्द तेवढा चुकला होता.

‘गोइंग्ज-ऑन’ म्हणजे जे चाललंय ते, पण बहुतेकदा भुवई उंचावून सांगितलेलं. ‘तिथं काय काय प्रकार चालतात!’ यातला ‘प्रकार’ त्याच्या सगळ्यात जवळचा. शेजारच्या बंद घरात मध्यरात्री दिवा लागतो, काहीतरी जड ओढल्याचा आवाज येतो, सकाळी दाराला पुन्हा कुलूप. हे ‘स्ट्रेंज गोइंग्ज-ऑन’. इथे ‘इव्हेंट्स’ घातलंत तर कुजबुज संपते आणि पंचनामा सुरू होतो. अर्थात दर वेळी संशयच असतो असं नाही. ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात शहरातली नाटकं, प्रदर्शनं, मैफली सांगणारं सदर ‘गोइंग्ज ऑन अबाउट टाउन’ बरीच वर्षं याच नावाने चाललं. तिथे सूर गप्पांचा होता.

‘हॅपनिंग्ज’ त्या मानाने सरळ. एकवचनात मात्र जपून: 1959 मध्ये अमेरिकी कलाकार अ‍ॅलन कॅप्रोने न्यूयॉर्कमध्ये ‘18 हॅपनिंग्ज इन 6 पार्ट्स’ सादर केलं आणि ‘हॅपनिंग’ हे एका कलाप्रकाराचंच नाव होऊन बसलं. शिवाय ‘हॅपनिंग जागा’ म्हटलं की अर्थ होतो गजबजलेली, चलतीतली.

अहवाल, अर्ज, बातमी असेल तर निमूटपणे ‘इव्हेंट्स’ किंवा ‘डेव्हलपमेंट्स’ लिहावं. ‘इन्सिडेंट’ला तंट्याचा, अपघाताचा वास येतो. ‘शेनॅनिगन्स’ तर थेट चाळे किंवा लबाडी. संशयाच्या पुढची पायरी.

कुठला शब्द घ्यावा अडलं, तर मी मनातलं वाक्य आधी मराठीत म्हणून बघतो. ‘घडामोडी’ बसलं तर ‘गोइंग्ज-ऑन’ नको. ‘प्रकार’, ‘उद्योग’, ‘भानगडी’ यातलं काही तोंडात आलं, तर बिनधास्त घ्यावा.

आणि घेतलाच तर ‘स’ कुठे लागतो ते बघा. ‘पासर्स-बाय’सारखा तो पहिल्या शब्दाला लागतो, म्हणून ‘गोइंग-ऑन्स’ चूक. शब्द वापरात जवळजवळ नेहमी अनेकवचनीच, त्यामुळे पुढे ‘वॉज’ नाही, ‘वेअर’. त्या अहवालात माझं तेही चुकलं होतं.