साखर-तेलाचा घरगुती हँड स्क्रब: अनेक महिने वापरल्यानंतर तक्रार उरली ती झाकणाबद्दल

बागकामानंतर हात चोळून साफ करायच्या स्क्रबची आणखी एक बरणी अर्ध्याहून अधिक भरलेली असताना टाकून द्यावी लागली. चांगले तेल आणि साखर अशी वाया गेल्याने झालेल्या चिडचिडीतूनच हा अनुभव लिहायला घेतला आहे. दोन भाग साखर आणि एक भाग खोबरेल तेल हे प्रमाण बागकाम करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे कृतीत वेळ घालवत नाही. स्क्रबने त्याचे काम चोख केले आहे. ज्या बरणीत तो ठेवावा लागतो, तिने मात्र नाही.

आधी त्याचे श्रेय त्याला देतो. टोमॅटोच्या रोपांची बगलफूट (पानांच्या बगलेत फुटणारे कोवळे धुमारे) खुडल्यावर बोटांवर जो चिकट, हिरवट-काळा थर बसतो, तो त्या झाडाच्या बारीक ग्रंथियुक्त केसांमधून पाझरणाऱ्या स्रावाचा असतो. साबण लावला की फेस पिवळा होतो, पण बोटांच्या रेषांतला काळेपणा तसाच राहतो. हाच हात पाण्याखाली न धरता कोरडाच स्क्रबने चोळला की तेलात तो चिकटा सैल होतो, साखरेचे कण त्याला खरवडून काढतात आणि मग साबणाचा एकच हात पुरतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी माती झटकायची, मग कोरड्या हातांवर स्क्रब, नंतर जुन्या फडक्याने तेल पुसून घ्यायचे आणि शेवटी साबण-पाणी. पुसण्याची पायरी गाळली तर सगळे तेल सांडपाण्याच्या नळीत जाते, आणि खोबरेल तेल साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली गोठत असल्याने ते थंड नळीत थरावर थर धरते.

साखरेऐवजी मीठही वापरून पाहिले. ते खरवडते उत्तम, पण गुलाबाच्या काट्यांनी ओरखडलेल्या हातांना इतके झोंबते की पुन्हा घ्यावेसे वाटत नाही. कॉफीचा चोथा फुकट मिळतो म्हणून मोह होतो, परंतु तो पाण्यात विरघळत नाही आणि तेलाशी मिळून नळीत गोळा होतो. लिंबाचा रस घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझा त्याला ठाम विरोध आहे. लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकूमारिन नावाची संयुगे असतात. ती त्वचेवर राहिली आणि वर ऊन पडले, तर अतिनील किरणांमुळे भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे राहणारे काळपट डाग कित्येक आठवडे जात नाहीत. हात धुऊन पुन्हा उन्हात वाफ्यांकडे वळणाऱ्या माणसाने ही जोखीम का घ्यावी?

आता झाकणाबद्दल. आटे असलेले झाकण हे या स्क्रबसाठी सर्वांत वाईट झाकण आहे, असे माझे मत झाले आहे. उघडताना हात मातीने भरलेले असतात आणि लावताना तेलाने माखलेले, त्यामुळे ते दोन्ही वेळा निसटते. साखरेचे कण आट्यांत अडकले की झाकण तिरके बसते आणि घट्ट लागल्याचा नुसता भास होतो. त्या फटीतून नळाजवळचे शिंतोडे आत जातात, ओल्या बोटांवरचे थेंब पडतात, आणि खरा बिघाड तिथून सुरू होतो. पाणी नसलेल्या तेल-साखरेत जिवाणू आणि बुरशी वाढू शकत नाहीत, कारण त्यांना लागणारे पाणीच तिथे नसते. थेंब आत गेले की तळाशी साखरेचा पाक तयार होतो, तो पातळ होत गेला की बुरशीला आणि यीस्टला जागा मिळते, आणि बागेतल्या हातांवरून त्यांचे बीजाणू आत येतच असतात. टाकून दिलेल्या बरणीला आंबूस वास येत होता आणि काचेच्या कडेला करडे ठिपके धरले होते.

याच कारणाने स्क्रबमध्येच द्रव साबण मिसळण्याबद्दलचे माझे मतही बदलले. सुरुवातीला ती सोय फार आवडली होती, कारण तेल वेगळे धुवावे लागत नाही. पण द्रव साबणात पाणी असते, ते साखर विरघळवत राहते, आणि काही दिवसांनी बरणीत खरखरीत स्क्रबऐवजी गोड, चिकट साबण उरतो. साबण बाहेरच ठेवावा. वर दाबून लावायचे झाकण, खटक्याचे झाकण, आत कोरडा लाकडी चमचा, हे सगळे करून झाले. चमच्याने फरक पडतो, पण घाईत हात शेवटी बरणीतच जातो.

ज्या उपायाने माझा राग निवळला, त्यात झाकणच नाही. तेल वितळवून त्यात साखर मिसळायची, मिश्रण दाटसर होईपर्यंत ढवळत राहायचे (पातळ असतानाच ओतले तर साखर तळाशी बसते आणि वर नुसते तेल राहते), आणि ते बर्फाच्या साच्यात भरून फ्रिजमध्ये गोठवायचे. एक वडी म्हणजे एका वेळचा स्क्रब. बागेत जाण्यापूर्वी एक वडी वाटीत काढून नळापाशी ठेवली की परतल्यावर ती मऊ झालेली असते, आणि हवा गरम असून पूर्ण वितळली तरी वाटीतल्या वाटीत वापरता येते. फार कडक वाटल्यास खोबरेल तेलाचा चौथा हिस्सा कमी करून तेवढेच न गोठणारे पातळ तेल घालावे. ओला हात साठ्यापर्यंत पोहोचतच नसल्याने तेव्हापासून काहीही टाकावे लागलेले नाही.

दोन ठिकाणी मात्र हा स्क्रब उपयोगाचा नाही. नखांखालची माती तो काढत नाही. त्यासाठी कामाला लागण्यापूर्वीच नखांनी साबणाची ओलसर वडी खरवडून घेणे हा उपाय अधिक उपयोगी आहे, कारण नखांखालची जागा साबणाने आधीच भरलेली असते आणि धुताना तो सहज निघून जातो. आणि ताज्या जखमेवर स्क्रब अजिबात चोळू नये. मातीत धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू असतात, म्हणून काटा खोल रुतला असेल तर आधी साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवावी, धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि स्क्रब ती भरून येईपर्यंत बाजूला ठेवावा.