गिल की दीनदयाळ?

फोटोग्राफीच्या असाइनमेंटला एकच जुना छायाचित्रकार निवडून त्याच्यासारखे फोटो काढायचे होते. लाला दीनदयाळ म्हणजे निजामाचे दरबारी छायाचित्रकार. चौकट नेटकी, सगळं रेषेत. शिकायला तेच सोपे, खरं तर.

मेजर रॉबर्ट गिलला १८४४ साली नेमलं ते अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याआधीच त्याने जोडफोटोही काढले होते, म्हणजे एकाच दृश्याचे किंचित बाजूला सरकून घेतलेले दोन फोटो. स्टिरिओस्कोपातून, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळा फोटो दाखवणाऱ्या यंत्रातून, पाहिले की खांब अंगावर येतात.

मी गिल घेतला. वेरूळला मोबाइलवर एक फोटो, अडीच इंच सरकून दुसरा. तेवढ्यात माकडाने जागा बदलली. आता एका डोळ्याला माकड दिसतं, दुसऱ्याला नुसता कठडा. मास्तरांना मात्र तेच आवडलं.